तीन रिंगांचा गुन्हा

ड्रमगॅरो,
सेंट ब्रिजिडच्या सणानंतरचा मंगळवार

थोरली बहीण सिस्टर अट्राक्टा (म्हणजे आपली टेसी; मठात नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही) हिला धाकट्या डिम्फ्नाचा हात जोडून नमस्कार. वयानं तू मोठी, त्यात देवाच्या घरची, म्हणजे मान दुहेरी द्यायला हवा. तो या पहिल्याच ओळीत देऊन टाकते, पुढे कागद पुरेल की नाही सांगता येत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? लगेच उत्तर लिहायला बसू नकोस. मागच्या फोनवर सगळं कळलं होतं. उजवा सुजला, डावा उजव्याचं बघून सुजला, डॉक्टर कालचं पोर आहे, आणि मलमाची डबी सिस्टर बेनिग्नसनं स्वतःच्या खांद्याला लावून संपवली. देव तिला क्षमा करो, तू केलेली दिसत नाही. माझं म्हणशील तर दात सोडून सगळं जागेवर आहे, आणि दात पेल्यात आहेत म्हणजे तेही जागेवरच.

आता तू म्हणशील, घरात फोन असताना डिम्फ्नाला पत्राची हौस कुठून आली. चौदाव्या वर्षी शाळा सुटल्यापासून मी लिहिलंय ते फक्त दूधवाल्याला, 'उद्या दोन बाटल्या' एवढंच, आणि त्यातही तो चूक काढायचा. तेव्हा हौस नाही. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहिते. गेले काही रविवार माझा फोन आला नाही त्याचं कारणही तेच. मी मेले असं समजून तू माझ्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा सांगितलीस असं ईमरकडून कळलं. फादरांकडून पैसे परत माग, किंवा जमा ठेव, कधीतरी लागतीलच.

गोष्ट पॅकी टोनरपासून सुरू होते. पॅकी तुला आठवत असेल, कोपऱ्यावरच्या घरातला, लहानपणी तुझ्या पायावर सायकल घातली होती तो (बहुतेक हाच गुडघा). त्याला कित्येक वर्षं साखरेचा आजार आहे. नोव्हेंबरात बाजारात उभा असताना त्याची साखर बिघडली, जीभ अडखळायला लागली, पाय कुठे आणि तो कुठे. दोन पोलिसांनी बघितलं आणि ठरवलं की म्हातारा प्यायलाय. गाडीत घातला, ठाण्यात नेला, बूट काढून घेतले आणि कोठडीत टाकला. बूट काढून घ्यायचा नियम आहे म्हणे, नाडीनं कोणी गळफास घेऊ नये म्हणून. पॅकीच्या बुटांना नाड्या नाहीत, वेल्क्रो आहे, पण नियम बूट बघून बदलत नाही. आणि त्याच्या कोटावर, टेसी, छातीवर, दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांचा तो बिल्ला. सोळाव्या वर्षापासून लावतो. तो बिल्ला वहीत 'किरकोळ दागिना, एक' म्हणून लिहिला, आणि त्याच्याच खाली लिहिलं, 'मद्यधुंद'.

सकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं की हा दारूनं झोपलेला माणूस नव्हे. दवाखान्यात नेला. वाचला, पण डाव्या पायाची बोटं गेली. पोलिसांनी पत्रक काढलं की सदर गृहस्थ ठाण्यात तासभर होते, प्रकृती ठीक नाही हे ध्यानात येताच त्यांना तातडीनं हलवण्यात आलं. पॅकीला विचारून उपयोग नव्हता, त्याला बाजारापासून पुढचं काही आठवत नाही. त्याची मुलगी ठाण्यात जाऊन विचारून आली, तिलाही तासभरच सांगितलं.

मग आपल्या ईमरनं (माझी नात, 'हेराल्ड' या आपल्या पेपरात बातमीदार; तू तिच्या पहिल्या कम्युनियनला जपमाळ पाठवली होतीस, ती हरवली, आता सांगायला हरकत नाही) 'हेराल्ड'मध्ये छापलं की तासभर नव्हे, रात्रभर. आणि हेही छापलं की ठाण्यातल्या वरच्या साहेबांना ते ठाऊक होतं. तिला हे कोणीतरी सांगितलं होतं. तिनं दवाखान्यात विचारून खात्री करून घेतली, पण सांगणारं माणूस होतंच, आणि त्या माणसाचं नाव कुठे येणार नाही असा तिनं शब्द दिला होता. तो शब्द मोडला असता तर, टेसी, त्या माणसाला गावात तर सोडच, स्वतःच्या घरातही जेवायला बसायची सोय राहिली नसती. एवढं लक्षात ठेवून पुढे वाच.

बातमी छापून आल्यावर बेलफास्टहून पोलिसांची माणसं आली. पॅकीला रात्रभर का ठेवला हे विचारायला नव्हे. कोणी सांगितलं हे विचारायला. ईमरला विचारलं, ती म्हणाली सांगणार नाही. संपादक कलिनन म्हाताऱ्याला विचारलं, त्याला त्या दिवसापुरतं ऐकू येईनासं झालं. मग या लोकांनी काय केलं, तर तिला न सांगता टेलिफोन कंपनीकडून तिच्या मोबाइलची यादी मागवली. कोणाला फोन केला, कोणाचा आला, कधी, किती वेळ. आणि यादीत सगळ्यात जास्त वेळा कोण निघालं? मी.

तर एका सकाळी माझ्या दारात इन्स्पेक्टर हॅमिल म्हणून एक उंच माणूस, आणि त्याच्याबरोबर सार्जंट ग्रिबन म्हणून एक बाई. बाई चांगली होती, केक दोनदा घेतला. हॅमिलनं कागदांची चळत टेबलावर ठेवली, माझ्या लोणीभांड्यात त्याची बाही गेली, आणि फार गंभीर आवाजात म्हणाला की मिसेस मॅकलिन, तुमच्या नातीच्या मोबाइलवरून तुमच्या या फोनवर रोज रात्री फोन येतो आणि तो शून्य सेकंद चालतो. याचा खुलासा हवा.

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मग कळलं, आणि हसू आलं, आणि मग वाटलं की हसले तर हेही लिहून घेईल.

तुमच्या मठात हे नसणार, तुम्ही सगळ्या आधीच घरी पोचलेल्या असता. पण आमच्याकडे रात्री माणूस बाहेरून घरी पोचलं की तीन रिंगा देतं. फोन लावायचा, तीन वाजू द्यायच्या, ठेवून द्यायचा. ऐकणाऱ्यानं उचलायचा नाही, उचलला तर पैसे पडतात आणि वर शिव्या. तीन रिंगा म्हणजे पोचले, दार लावलं, जिवंत आहे, झोपा. टॉमी मला विधवा करून गेल्यापासून मी रात्री घर सोडून कुठे जात नाही आणि माझी झोपही मांजराची, म्हणून हळूहळू सगळी गल्ली मलाच रिंगा द्यायला लागली. ईमर देते. चिप्सच्या दुकानातला सिल्व्हिओ दुकान बंद करून घरी गेला की देतो. फादर कॉन्वे आजाऱ्याला शेवटचं पवित्र तेल लावून परतले की देतात. मॅकएल्रॉय, तो मढी पुरणारा, तोही देतो (त्याच्याबद्दल मला शंका आहे, तो मी उचलते का याची वाट बघत असावा). आणि विनी बॉइस देते.

विनीला तू ओळखत नाहीस, तू मठात गेलीस त्या वर्षी मी कापडाच्या गिरणीत लागले, आणि विनी माझ्या शेजारच्या मागावर होती. ती प्रोटेस्टंट, त्यांच्या चर्चला जाते, मी आपल्या कॅथलिक चॅपलला, मधे रस्ता. माणसं म्हणतात या गावात दोन बाजूंचं बोलणं नाही. आमचं साठ वर्षं रस्ता न ओलांडता चालू आहे. आता ती टेकडीवर एकटी राहते, कान गेलेत, एका कानात यंत्र घालते. फोनवर तिला काही ऐकू येत नाही, पण रिंगा द्यायला ऐकू यावं लागत नाही. नंबर फिरवायचा, घड्याळाकडे बघायचं, ठेवून द्यायचा.

हे सगळं मी हॅमिलला नीट समजावलं. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, तीनच का.

मी म्हटलं, एक वाजली तर चुकीचा नंबर असेल.

दोन वाजल्या तर काय अर्थ, त्यानं विचारलं. मी म्हटलं, दोन म्हणजे बोट घसरलं. तेही लिहिलं. मग फार हळू आवाजात, जणू आता मुद्द्यावर आलो, त्यानं विचारलं की चार वाजल्या तर. मी म्हटलं, चार म्हणजे देणाऱ्याला मोजता येत नाही.

त्याला वाटलं मी टाळतेय. तर पुढचा कागद काढला, आणि तो ईमरच्या मोबाइलचा नव्हता, माझ्या घरच्या फोनचा होता. म्हणजे माझीही यादी काढली होती. मी त्याला विचारलं की कोणत्या न्यायाधीशानं दिली परवानगी. तर म्हणाला, याला न्यायाधीश लागत नाही, वरिष्ठ अधिकाऱ्याची सही लागते. मी विचारलं, कोणाचा वरिष्ठ. म्हणाला, आमचाच. हे म्हणजे टेसी, मी मलाच विचारायचं की डिम्फ्ना, केकचा तिसरा तुकडा घेऊ का, आणि मीच म्हणायचं की घे गं बाई, चौकशीसाठी आवश्यक आहे. वर मला समजावतो कसा, की आम्ही बोलणं ऐकलेलं नाही, काळजी नसावी, फक्त कोण, कोणाला, कधी, किती वेळ. जसं काही पाकीट बघितलं पण पत्र उघडलं नाही यात फार मोठी खानदानी आहे. आपल्या लहानपणी पोस्टात काम करणारी रोझालिन नुसती पाकिटं बघायची. लिव्हरपूलच्या सूतिकागृहाचा शिक्का एका पाकिटावर होता, पत्ता डॉनलीच्या पोरीचा. रोझालिननं पत्र उघडलं नव्हतं. उघडायची गरज काय पडली?

असो. हॅमिल एकेक नंबर वाचत होता, पुढे नाव, आणि मी मान हलवत होते. सिल्व्हिओ. फादर कॉन्वे. मॅकएल्रॉय. मग एक वाचला आणि पुढे म्हणाला, "मिसेस डब्ल्यू. बॉ..." आणि थांबला. कारण या जिल्ह्यात बॉइस म्हणजे कोण, तर ठाण्याचे मोठे साहेब, सुपरिंटेंडेंट केनेथ बॉइस. आणि मिसेस डब्ल्यू. म्हणजे विनीफ्रेड, साहेबांची आई. ग्रिबन बाईच्या घशात केक अडकला, मी पाणी दिलं. हॅमिलनं खिशातून पेन काढलं आणि त्या नावावर सरळ रेघ मारली. म्हणाला, हे चुकून आलंय.

मी म्हटलं, "चुकून नाही. रोज रात्री येतं."

पण रेघ मारून झाली होती. त्याच्या खालचा नंबर तुझा. दर रविवारी, चाळीस मिनिटं, आणि गॉलवे आपल्या सरहद्दीपलीकडे, म्हणून तुझ्या नावापुढे 'परदेशी संपर्क' असं लिहिलेलं होतं. अभिनंदन, टेसी. आयुष्यभर तुझ्यावर कोणी कसला संशय घेतला नाही, हे मला नेहमीच थोडं लाजिरवाणं वाटायचं. हॅमिलनं विचारलं की एवढा वेळ कशाबद्दल बोलता. मी म्हटलं, गुडघ्याबद्दल. त्यानं ग्रिबन बाईकडे बघितलं, तिनं त्याच्याकडे, आणि त्यानं 'गुडघा' हा शब्द लिहून त्याच्याभोवती गोल काढला.

ते गेल्यावर मी ईमरला बोलावलं. तिला तोवर कल्पनाच नव्हती की तिची यादी निघालीय. माझ्या स्वयंपाकघरात, लोणी लागलेल्या टेबलाशी तिला ते कळलं. पोरगी रडणारी नाही, पण पांढरी पडली. मला म्हणाली, आजी, ज्यानं ज्यानं मला गेल्या वर्षभरात काही सांगायला फोन केला, त्या प्रत्येकाचं नाव आता त्यांच्याकडे आहे. पॅकीच्या बातमीशी त्यांचा संबंध असो नसो. शाळेच्या छपराबद्दल सांगणारा वेगळा, दवाखान्याबद्दल सांगणारी वेगळी, सगळे त्या एका चळतीत. पुढच्या आठवड्यात कलिनन म्हाताऱ्याला ऐकू यायला लागलं आणि त्यानं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं की पोलिसांनी आमच्या बातमीदाराच्या फोनची यादी काढली. छापलं ते बरोबरच केलं. पण छापल्याचा परिणाम काय झाला ते आता सांगते, कारण हा सगळा कागद मी त्याच्यासाठी घेतलाय.

त्या रात्री एकही रिंग आली नाही.

मी नेहमीसारखी खुर्चीत बसले होते. सिल्व्हिओची वेळ गेली, फादरांची गेली, मॅकएल्रॉयची गेली. मला वाटलं तारा तुटल्या. उचलून बघितला तर फोन जिवंत. दुसऱ्या रात्रीही तसंच. मग दुकानात सिल्व्हिओ भेटला, तो काउंटरकडे बघत म्हणाला की त्याच्या मामेभावाच्या कागदपत्रांचं अजून काही ठरत नाहीये, नावं यादीत जायला नकोत. फादर म्हणाले त्यांना लोक काय काय सांगायला फोन करतात, त्यांनी सांभाळून राहायला हवं. मॅकएल्रॉयनं कारण सांगितलं नाही, टोपी काढली फक्त. यांतल्या एकानंही काही केलेलं नाही, टेसी. सिल्व्हिओनं फार तर तेल दोनदा वापरलं असेल. पण आपलं नाव कोणाच्या यादीत आहे हे कळल्यावर माणूस आपण काय केलं नाही याचा विचार करत नाही, आपण काय काय केलं असू शकेल याचा करतो.

तिकडे ईमरचाही फोन बंद पडल्यासारखाच. शाळेच्या छपराबद्दल सांगणाऱ्यानं तिला रस्त्यात ओळखच दिली नाही. 'हेराल्ड'च्या पहिल्या पानावर त्यानंतर लागोपाठ कोबीचा गड्डा, नवीन बाकाचं उद्घाटन, आणि मग पुन्हा तोच कोबीचा गड्डा, दुसऱ्या बाजूनं. गावात काही घडतच नव्हतं असं नाही. सांगायला कोणी उरलं नव्हतं.

विनीच्या रिंगा का थांबल्या ते मला नंतर कळलं. तिच्या मुलानंच तिला सांगितलं होतं. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून, तिच्या फोनला चिकटवून, की आई, मिसेस मॅकलिनच्या घरी फोन करू नकोस, चौकशी चालू आहे. मुलगा म्हणून काळजीनंच केलं असेल. मी ती चिठ्ठी बघितलीय. अक्षर चांगलं आहे.

आणि एका रात्री विनी जिन्याच्या खालच्या पायरीवरून पडली. मांडीचं हाड मोडलं. हाक मारून उपयोग नाही, टेकडीवर शेजार नाही, आणि फोन भिंतीवर उंच. रात्रभर तिथे थंड फरशीवर पडून होती, जशी पॅकीची रात्र गेली तशी. फक्त हिचे बूट पायात होते. सकाळी पोस्टमननं दाराच्या फटीतून पत्र टाकताना हात बघितला. एरवी तिची रिंग आली नसती तर मी त्याच रात्री ईमरला गाडी काढायला लावली असती, दोन वेळा तसं केलंही होतं, एकदा ती झोप लागून विसरली होती आणि दार उघडून आम्हांलाच बोलली होती. या वेळी मी खुर्चीत बसून राहिले. कोणाचीच रिंग येत नव्हती, त्यात तिची आली नाही हे कुठे कळणार होतं.

दोन दिवसांनी केनेथ बॉइस माझ्याकडे आला. गणवेश नाही, साधा कोट, आणि समोरच्या दारानं. आमच्याकडे समोरचं दार पाद्री, पोलीस आणि शवपेटी यांच्यासाठीच उघडतं, तेव्हा मला दाराची कडी काढायलाच वेळ लागला. लहानपणी हा पोरगा मागच्या दारानं यायचा, सोडा ब्रेडचा कडेचा तुकडा मागायचा. टोपी हातात फिरवत बसला. वाईट माणूस नाही तो, टेसी, पण नोकरीत वर चढता चढता 'रात्रभर'चं 'तासभर' करायला शिकलेला माणूस आहे. चहा दिला, तो घेतला नाही. मग म्हणाला,

"डिम्फ्ना मावशी, तिची रिंग आली नाही तेव्हा मला एक फोन का नाही केलात?"

मिसेस मॅकलिन नाही, मावशी. तेवढं मी ऐकलं.

"केनी," मी म्हटलं, "त्या रात्री सगळ्या गल्लीचीच रिंग आली नाही. तुमच्या यादीपायी. मी कोणाकोणासाठी फोन करायचा होता?"

चहावर साय धरली. मग खाली बघत म्हणाला की बेलफास्टवाले सोडणार नाहीत, त्यांना नाव हवंय, नाव मिळाल्याशिवाय कागद बंद होत नाही, उद्या आणखी याद्या काढतील. आणि मग विचारलं, अगदी हळू, "सांगितलं कोणी, मावशी?"

मी त्याच्याकडे बघितलं. नाक अगदी विनीचं आहे.

"माझ्या बहिणीनं," मी म्हटलं.

"कोणत्या?"

"मला एकच आहे. नन आहे. गॉलवेला."

"गॉलवेच्या ननला आमच्या कोठडीतलं कसं कळलं?"

"तिचं वर बोलणं असतं. तिथे सगळं दिसतं म्हणतात."

टेसी, तो मूर्ख नाही. मग त्यानं खिशातून कागद काढला, तुझं नाव लिहिलं, स्पेलिंगही विचारलं. उठला, दारापर्यंत गेला, आणि टोपी घालता घालता पाठमोराच म्हणाला, "आई रविवारी जेवताना कानातलं यंत्र काढून ठेवते. काट्याचमच्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणे."

मी म्हटलं, "वय झालं रे."

तो गेला. पुढच्या आठवड्यातल्या 'हेराल्ड'मध्ये पोलिसांचं नवं पत्रक आलं, दोन ओळींचं, कोबीच्या खाली. पूर्वीच्या पत्रकातल्या 'तासभर' या शब्दाऐवजी 'रात्रभर' असं वाचावं. खाली त्याची स्वतःची सही. पॅकीच्या मुलीनं ते कात्रण कापून घेतलंय. पॅकी म्हणतो मला कात्रण नको, बिल्ला परत द्या, तो अजून त्यांच्या कपाटात आहे. वर कुठेतरी केनीची चौकशी लागणार म्हणतात, लागो. 'हेराल्ड'चा वकीलही वरच्या कोर्टात गेलाय, त्याचं म्हणणं की बातमीदाराची यादी काढायची तर आधी पोलिसांबाहेरच्या एखाद्या न्यायाधीशाला विचारायला लागलं पाहिजे. मी म्हटलं, एवढं शिकून हेच निघालं का, हे तर मी हॅमिलला पहिल्या चहालाच विचारलं होतं.

विनी दवाखान्यातून घरी आलीय. मुलगा रात्री तिच्याकडे राहतो. रिंगा पुन्हा सुरू झाल्यात, सगळ्यांच्या नाही. सिल्व्हिओच्या झाल्या, फादरांच्या अजून नाहीत. टेकडीवरून रोज येतात, आता केनी देतो. चार देतो.

मठातल्या सगळ्यांना माझा नमस्कार, सिस्टर बेनिग्नसला थोडा कमी. माझ्यासाठी प्रार्थना करत असशीलच, पण त्यात पॅकीच्या पायालाही घाल, बोटं उगवणार नाहीत पण विचारायला काय जातं.

तुझी धाकटी,
डिम्फ्ना

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. बेलफास्टचा हॅमिल केनीच्या त्या कागदावरून तुला फोन करणार आहे, या आठवड्यात किंवा पुढच्या. मला माहीत आहे तुला खोटं बोलता येत नाही. साखर कोणी खाल्ली हे तू आईला इतक्या खरेपणानं सांगितलं होतंस की चौघांना मार बसला. तेव्हा खोटं बोलू नकोस. तो 'नमस्कार सिस्टर' म्हणाला की गुडघ्यापासून सुरू कर. उजव्यापासून. मग डावा, मग डॉक्टर, मग मलम. गेल्या साठ वर्षांत गुडघा सुरू झाल्यावर तुला पुढचा प्रश्न विचारण्यात कोणाला यश आलेलं नाही, आणि त्याच्याकडे तो शब्द गोल काढून ठेवलेलाच आहे. त्याला वाटेल, सापडलं.

ता. क. हे पत्र वाचून चुलीत घाल. प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवू नकोस, मागचं पत्र सिस्टर बेनिग्नसनं वाचलं होतं, मला माहीत आहे, कारण तिनं मला दातांबद्दल विचारलं.

ता. क. ते सांगणारं माणूस कोण, हे मी तुलाही कागदावर लिहून देणार नाही. फक्त एवढं सांगते, कारण तू गिरणीत आली नाहीस आणि तुला ठाऊक नसेल. मागांच्या खडखडाटात तिथे कोणालाच काही ऐकू यायचं नाही. आम्ही सगळ्या ओठ वाचून बोलायचो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मुकादमाच्या डोक्यावरून. ती सवय जात नाही. रविवारी ती चर्चच्या पायऱ्यांवर, मी चॅपलच्या, मधे रस्ता, रस्त्यात वाहतूक सांभाळणारा पोलीस, आणि आमचं सगळं बोलून होतं, त्याला वाटतं दोन म्हाताऱ्या तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणतायत. हे बोलणं कुठल्या यादीत येत नाही. केनी रविवारी जेवताना ठाण्याचे फोन आईसमोरच घेतो, यंत्र टेबलावर पडलेलं बघून मोकळेपणी बोलतो, आणि तोंडावर हात धरत नाही. तो पाळण्यात होता तेव्हाच गिरणी बंद पडली. आई तिथे काय काम करायची, हे त्यानं तिला अजूनपर्यंत विचारलेलं नाही.